स्वप्नात जाग येते, पण टिकत नाही. मदत हवी आहे

मंडळी, महिनाभर एकच स्वप्न पडतंय. कोल्हापूरचा रंकाळा तलाव पार आटलाय, मी चिखलातनं तलावातल्या संध्यामठाकडं चाललोय आणि हातात आमच्या जुन्या घराची किल्ली. (ते घर विकून नऊ वर्षं झाली.)

हे स्वप्न आहे असं स्वप्नातच भान यावं म्हणून दिवसातनं पाच-सहा वेळा हाताची बोटं मोजायची सवय लावली. परवा पहाटे स्वप्नातही मोजली, तर सात! कळलं, हे स्वप्न आहे. आनंदानं ओरडलो आणि जागा झालो. बायको म्हणाली, "काय झालं वो?"

हे थोतांड नाही. १९७५ साली इंग्लंडात कीथ हर्न या संशोधकांनी झोपलेल्या माणसानं स्वप्नातनं डोळे हलवून केलेल्या ठरलेल्या खुणा यंत्रावर टिपल्यात.

तर, भान आल्यावर स्वप्न धरून कसं ठेवायचं? तळवे एकमेकांवर घासायचे म्हणतात, कुणाला जमलंय का? असं भान यावं म्हणून पहाटे गजर लावून उठून परत झोपणारं कुणी आहे?

आणि त्या किल्लीचं काय? आई म्हणते, आटलेलं पाणी वाईट. मला ते पटत नाही, पण घर विकताना मी तिथं नव्हतो, हे सारखं आठवतंय. स्वप्नफळाच्या याद्या नकोत, स्वतःचा अनुभव सांगा.