ड्रायर फिरतो, पण हवा गारच. काय तपासू?

वलणीवरचा (गुहागर)
आमच्याकडे पर्यटकांसाठी चार खोल्या आहेत. पावसाळ्यात चादरी-टॉवेल वाळवायला साडेपाच किलोचा ड्रायर घेतलाय, मागच्या पाइपातून दमट हवा बाहेर टाकणारा. परवापासून ड्रम फिरतो, वाराही येतो, पण नुसता गार. तासभर फिरवून काढलेला टॉवेल हाताला ओलाच. कंपनीच्या सेवा केंद्राला फोन केला तर म्हणे, गणपती झाल्यावर माणूस पाठवू. अहो, गणपतीतच तर घर भरलेलं असतं! आई म्हणते, पडवीत वलणी बांध आणि खाली शेगडी ठेव. पण चादरीला धुराचा वास लागला की पाहुणे नाक मुरडतात. गिझरचा हीटर मी स्वतः बदलतो, मल्टिमीटर आहे. सुरुवात कुठून करू?

कोलथर_७
आधी सोपं बघ. नॉब गार हवेवर तर नाही ना? आणि टायमरची शेवटची काही मिनिटं बरेच ड्रायर मुद्दाम हीटर बंद ठेवतात, कपडे निवावेत म्हणून. तेव्हा हात घातलास तर गारच लागणार.

वलणीवरचा
बघितलं. नॉब जास्त उष्णतेवर, टायमर पूर्ण फिरवून सुरुवातीलाच हात घातला. गारच.

पान्हा_पक्कड (रत्नागिरी)
ड्रम फिरतोय म्हणजे मोटर, पट्टा, दाराचा स्विच सगळं ठीक. हीटरची लाइन वेगळी असते, तिथेच कुठेतरी तुटलंय. हीटर, त्याच्याशेजारचा थर्मोस्टॅट, थर्मल कटआउट (फार तापलं की लाइन तोडणारा) आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी, चोर बहुतेक ह्यांच्यातलाच.

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून मागचं झाकण उघडू नका. जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले मी इतके पाहिलेत की बटणावर माझा विश्वासच नाही. वायरींचा आधी मोबाइलवर फोटो काढा, मग हीटरची एक वायर सुटी करून मीटर लावा. दोन हजार वॅटचा हीटर २३० व्होल्टला साधारण २६ ओहम दाखवतो. तुमच्या पाटीवर वॅट वेगळे असतील तर आकडाही थोडा इकडेतिकडे. काहीच दाखवलं नाही तर कॉइल तुटली. दोन्ही वायरी सुट्या करून हीटरचं टोक आणि पत्रा यांच्यामध्येही बघा, तिथे मीटर वाजता कामा नये. वाजला तर हीटर बाद.

हीटर ठीक असेल तर कटआउट. हीटरच्या पत्र्यावर रुपयाच्या नाण्याएवढी चकती असते, दोन पाय असलेली. त्याचीही वायर सुटी करून बघा. थंड असताना तिच्या दोन पायांवर मीटर वाजलाच पाहिजे. काहींच्या मधोमध बटण असतं, दाबलं की पुन्हा चालू होतात. बाकीच्या एकदा उडाल्या की टाकूनच द्यायच्या. चकतीवर तापमान छापलेलं असतं, तेवढ्याचीच नवी आणा. आणि हात जोडून सांगतो, वायरीचा तुकडा टाकून ती बायपास करू नका. गणपतीपुरतं म्हणून केलेला जुगाड दिवाळीपर्यंत राहतो, आणि आत साठलेली लिंट, कपड्यांचा बारीक कापूस, म्हणजे निव्वळ काडेपेटी.

समुद्राकाठी आणखी एक. वायरीच्या टोकाच्या पितळी क्लिपा खाऱ्या हवेने हिरव्या पडतात, सैल होतात, मग तिथेच तापून काळ्या होतात. अशी क्लिप घासत बसू नका. काळी वायर कापून नवी क्लिप पक्कडीने आवळा.

कटआउट उडालेला निघाला तर तो का उडाला हे शोधा. बहुतेक वेळा हवा अडलेली असते. हीटरची उष्णता वाऱ्याने पुढे गेली नाही की तिथेच कोंडते. फिल्टर, पाइप, बाहेरचं तोंड, सगळं बघा. नाहीतर नवा कटआउटही तसाच जाईल.

मालवणची_मावशी
पाइपाचा बाहेरचा तोंड बघ रे बाबा! आमच्याकडे कुंभारणीन (मातीचा घर बांधणारी माशी) थयच घर बांधल्यान. मे महिन्यात ड्रायर बंद, पाइप कोरडा, तिला आयती जागा. पावसात लावला तर हवाच बाहेर जाईना. बाहेरून दिसत नाही, वीतभर आत हात घालावा लागतो. आधी काठी घाल, मग हात. पाल असली तर किंचाळशील.

वलणीवरचा
काका, हीटर २७ ओहम, पत्र्याशी काही नाही. कटआउट मेलेला, एक क्लिप हिरवी-काळी. आणि मावशी, साष्टांग दंडवत! पाइपाच्या कोपरावर मातीच्या नळ्या शेजारी शेजारी चिकटलेल्या, त्यांवर ओल्या लिंटचा हा जाड थर. स्क्रू ड्रायव्हरने खरवडला तेव्हा एका नळीतून मेलेले बारके कोळी पडले. कटआउट चिपळूणला मिळाला, बसवला, आता हवा झकास गरम येते. फक्त संध्याकाळी सातनंतर त्याच चादरींना बराच जास्त वेळ लागतो. आणि बाहेरच्या तोंडाला मच्छरदाणीची जाळी लावून टाकू का?

पान्हा_पक्कड (रत्नागिरी)
संध्याकाळी व्होल्टेज मोजा. १९० वर आलं तर हीटरची ताकद दोन तृतीयांशच उरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. तो मशीनचा दोष नव्हे, चादरी दुपारीच काढा. प्लगला हात लावूनही बघा. चटका बसण्याइतका तापत असेल तर १६ अँपियरचं सॉकेट नवं बसवा.

जाळी अजिबात नको. आठवड्यात लिंटने बुजेल आणि कटआउट परत जाईल. वाऱ्याने उघडणारी, बंद केलं की पडणारी झडप लावा. प्लॅस्टिकची घ्या, पत्र्याची तुमच्याकडे गंजून अडकेल.

मालवणची_मावशी
आणि मेमध्ये पाइपाच्या तोंडात फडका कोंबून ठेव. चालू करण्याआधी काढ म्हणजे झालं.