जांबोटीकडच्या कौलारू घराची गळती

प्रश्न: जांबोटीजवळ जुनं कौलारू घर आहे. बेळगावहून घरची सगळी शनिवार-रविवारीच जातो. आढ्याखाली, म्हणजे छपराचे दोन उतार वर मिळतात तिथे, आणि मधे गळतं. पावसाआधी काय हाती घ्यावं?

उत्तर: आधी लाकूड, मग कौलं. वासे, म्हणजे छपराची उतरती लाकडं, भिंतीवर टेकतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज, तो वासा बदलाच. मंगळुरी कौलाला रिपांमधलं (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्यांमधलं) अंतर साधारण साडेबारा इंच, पण तुमचीच दोन-तीन कौलं बसवून ठरवा. अंतर वाढलं की कौल कौलावर कमी चढतं आणि वाऱ्याचा पाऊस आत शिरतो. 100 चौरस फुटांना मोडतोडीसकट 150 कौलं धरा. जुनं एक कौल दुकानात सोबत न्या. कारखान्याचा छाप वेगळा असला की खाच बसत नाही.

उत्तर: आढ्यावर नुसतं सिमेंट नको, तडकतं. 1 सिमेंट, 1 चुना, 6 वाळू असं मिश्रण करा. आढ्याची कौलं आधी भिजवा, नाहीतर ती मिश्रणातलं पाणी शोषतात आणि पकड सुटते.

उत्तर: काका, कौलांवर थेट पाय नको, आडवी शिडी टाका. उतरवलेल्या कौलांवरचं शेवाळ मुलं खाली अंगणात घासतील, छान काम आहे त्यांच्यासाठी.