पेन्शनीत बसेल आणि पावसात टिकेल असं कोकणातलं घर: अनुभव धागा

पडवी

सकाळपासून झड लागली आहे. पश्चिमेच्या खिडकीतून पाणी आत यायला लागलं की हा विषय आठवतोच. त्यात सध्या ओळखीतले दोन-तीन निवृत्त लोक रत्नागिरी-सिंधुदुर्गात भाड्याचं घर शोधतायत, म्हणून धागा काढतेय.

बहुतेक लोक घर बघायला डिसेंबरात जातात. तेव्हा कोकणातलं कुठलंही घर राहण्यासारखंच दिसतं. घर दोनदा बघा, एकदा जुलैत आणि एकदा मेच्या मध्यावर. पाणी कुठून आत येतं ते जुलैत कळतं, आणि नळाला-विहिरीला येतं तरी का ते मेमध्ये. पेन्शनवाल्याला या दोन्हींचा खर्च भाड्याइतकाच जड जातो, पण विचारताना सगळे फक्त भाडं विचारतात.

पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो. त्यामुळे दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती आधी बघायच्या. तिथे पडवी किंवा निदान अडीच-तीन फुटांची वळचण आहे का? खिडकीवरच्या छज्जाला खालून पाणी तोडणारी खाच आहे का? नसेल तर पाणी छज्जाच्या पोटाला धरून सरळ चौकटीत उतरतं. कितीही सिलिकॉन भरा, थांबत नाही.

ज्यांना यातलं कळतं त्यांनी लिहा. स्वतःची कहाणी नको, नेमकी माहिती हवी.

चिरेबंदी

जांभ्याच्या भिंतीबद्दल लिहितो. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. बाहेरून गिलावा नसला तरी चालेल, पण सांधे धड भरलेले हवेत. किल्ली किंवा नाणं सांध्यात घालून ओढा. भुगा पडला तर त्या भिंतीतून जुलैत पाणी येणार.

आतली ओल बाहेरून झिरपतेय की हवेतली आहे, हे घरबसल्या कळतं. एक फूट बाय एक फूट जाड प्लास्टिक भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्कं लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले तर ती हवेतली ओल, खिडक्या उघडून आणि पंखा लावून आटोक्यात येते.

जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंतच सलग पट्टा ओला आणि त्यावर पांढरा खार फुललेला असेल तर पाणी पायातून वर चढतंय. जोत्याला ओलरोधक थर नाही असं समजा. त्यावर रंग मारून काही होत नाही, एका पावसात पापुद्रे सुटतात. मालक "रंग मारून देतो" म्हणाला तर गोड हसून पुढचं घर बघा.

पागोळी

मेमध्ये एकाच भिंतीला ताजा रंग आणि बाकीच्या जुन्या? ती भिंत सोडून सगळं घर बघितलं तरी काय उपयोग 😄

कपाट सरकवून मागे वास घ्या. मालकाला राग आला तर येऊ दे.

लाल_डबा

पुराचं कुणी लिहिलं नाही अजून. चिपळूणमध्ये, महाडमध्ये घर बघताय तर आधी २००५ आणि २२ जुलै २०२१ चं पाणी कुठवर होतं ते विचारा. मालकाला नको, समोरच्या दुकानदाराला विचारा. पूररेषा दोन असतात. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नगरपालिकेच्या नगररचना विभागात नकाशा बघायला मिळतो. निळ्या रेषेच्या आत स्वस्त मिळतंय म्हणून जाऊ नका, ते स्वस्त का आहे ते उघड आहे.

खाडीकाठी असाल तर नुसता पाऊस बघून भागत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी वरच्या पाण्याला वाट देत नाही, आणि तेव्हाच जोराचा पाऊस असला तर पाणी मागे फुगतं. पंचांग आणि हवामानाचा अंदाज दोन्ही शेजारी ठेवायचे.

मीटर आणि मेन स्विच जोत्यापासून किती उंच आहे तेही बघा. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या, ओल्या भिंतीत तो जीव वाचवतो. आरसीसीबी असूनही अर्थिंग लागतंच, एकावर भागत नाही.

बिनकामाचा_बंड्या

धागा वाचूनच अंगाला ओल आली. कपडे कसे वाळवता तेवढं सांगा कुणीतरी

पागोळी

@बंड्या वाळवत नाही, नुसते जागा बदलतो. दोरीवरून खुर्चीवर, खुर्चीवरून दोरीवर.

मुद्रांक

कराराचं लिहिते, पोळ्या लाटता लाटता, त्यामुळे तुटक.

११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, हा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक टाळत असेल तर हे त्याला शांतपणे सांगा.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. कशावर, तर एकूण भाडं अधिक अनामत रकमेवरचं वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज. उदाहरणार्थ भाडं ५,००० आणि मुदत ११ महिने, म्हणजे ५५,०००. अनामत ३०,००० असेल तर ११ महिन्यांचं व्याज २,७५०. मिळून ५७,७५०, त्याचे ०.२५ टक्के म्हणजे दीडशेच्या आत. नोंदणी फी वेगळी. इतक्याशा पैशासाठी कच्च्या कागदावर सह्या करू नका.

आता खरी गोम. पेन्शन ठरलेली असते, भाडं नाही. "दरवर्षी १० टक्के वाढ" हे वाक्य सगळे सहज सही करून देतात. ५,००० चे पाच वाढींनंतर ८,०५३ होतात. ५ टक्क्यांनी ६,३८१. ईपीएस ९५ च्या (पीएफवाल्या नोकरदारांच्या) पेन्शनला महागाई भत्ता नाही, त्यांनी तर ३६ महिन्यांचा करार एकाच भाड्यावर मागावा. या कराराला ६० महिन्यांपर्यंत मुदत घेता येते. अनामत थोडी जास्त देऊन भाडं गोठवता आलं तर गोठवा.

आणि अटींत लिहून घ्या: शाकारणी (पावसाआधी कौलं नीट करणं) कुणी करायची आणि कोणत्या तारखेच्या आत (१५ मे टाका), गळती कळवल्यावर किती दिवसांत दुरुस्ती, नाही केली तर भाड्यातून वळती. तोंडी "बघू" चालत नाही.

कौलारू

ताईंनी शाकारणी काढली ते बरं केलं. मंगळुरी कौल १०० चौरस फुटांना साधारण १५० लागतात. दरवर्षी काही फुटतात, त्यामुळे घरामागे जुनी पन्नासेक कौलं रचून ठेवलेली आहेत का बघा. जुन्या मापाची कौलं नव्याशी जुळत नाहीत, खाच बसत नाही आणि तिथूनच ठिबकतं. दुसरं, दुपारी आत उभं राहून वर बघा. उजेडाचे ठिपके दिसले तर तेवढ्या जागी पाणी. वाशांना स्क्रू ड्रायव्हर टोचा, भुसभुशीत लागला तर वाळवी. रीप (कौलांखालची पट्टी) बदलणं स्वस्त, वासा महाग, आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) बदलायचं म्हणजे अर्धं छप्पर उतरवायचं.

माकडांचं काय करायचं ते मला विचारू नका.

बिनकामाचा_बंड्या

माकडांचं काय करायचं?

कौलारू

कौलांवर जाळी मारतात काही जण. माकडं जाळी धरून आणखी जोरात उड्या मारतात. पत्रा घातला तर वाजतो म्हणून कमी येतात, पण मग पावसात तुमचं टीव्हीचं ऐकणं संपलं.

पडवी

😄 पत्र्याचं खरंच लिहा कुणी. स्लॅबवर पत्र्याची शेड असलेली घरं हल्ली बरीच दिसतात.

दर्यावर्दी

शेड चांगलीच, स्लॅबवर पाणी साचतच नाही. फक्त वाऱ्याचं बघा. वारा पत्र्याला खाली दाबण्यापेक्षा वर उचलतो, आणि सगळ्यात जास्त ओढ कडांना आणि कोपऱ्यांना असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात पत्रे किती उडाले ते आठवा. कडेच्या ओळीला बोल्ट जवळजवळ हवेत, वॉशर रबर-डांबराचे, फाटलेले नकोत. खांब स्लॅबला नुसते टेकवलेले नकोत, बेसप्लेट आणि अँकर बोल्टने धरलेले हवेत.

स्लॅबच्या पोटाला तांबूस डाग किंवा सरळ रेषेत भेगा म्हणजे सळई गंजतेय. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट ढकलून देते. लाकडी दांड्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढा भाग सुटलाय. समुद्री वाऱ्याला उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर ४५ मिमीचं काँक्रीटचं आवरण हवं असं आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) सांगतं. गावातल्या बांधकामात ते निम्मंसुद्धा क्वचित सापडतं. समुद्रापासून चार-सहा किलोमीटर आत सरकलात तर खारा वारा बराच कमी होतो आणि भाडंही.

लाल_डबा

आत सरका पण डोंगराच्या पोटात नको. तळीये (२०२१) आणि इर्शाळवाडी (२०२३) इथल्या दोन्ही दरडी जुलैतल्याच. घरामागे डोंगर कापून जागा केली असेल तर कापलेल्या उभ्या भिंतीला आधारभिंत आहे का, तिला पाणी निघायला पाइप आहेत का, आणि ते पाइप पावसात खरोखर वाहतात का बघा. कोरडे पाइप ही चांगली खूण नव्हे, मागे पाणी तुंबलेलं असू शकतं. वरच्या अंगाला जमिनीला भेगा, कलंडलेली झाडं, अचानक फुटलेला गढूळ झरा, दारं घट्ट बसायला लागणं, यातलं काहीही दिसलं तर भाडं शून्य असलं तरी नको.

सातबारा

विकत घेणाऱ्यांसाठी. घरपट्टीची पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे मालकी नव्हे. सातबारा, फेरफार आणि गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागा. कोकणातला ठरलेला घोळ म्हणजे सामाईक घर. सातबाऱ्यावर चौदा नावं, त्यातले पाच वारले, वारस नोंद नाही, दोघे मुंबईत, एक बोलत नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय बयाणा देऊ नका. शेतजमिनीवरचं घर शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय घेता येत नाही, आधी अकृषिक आहे का ते बघा.

नवीन फ्लॅट असेल तर महारेरा नोंदणी आणि भोगवटा प्रमाणपत्र. ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. लेखी कळवा, फोनवर नको.

मोगरा

बंद घरांबद्दल कुणी बोललंच नाही. मालक मुंबईत, वर्षातून दोनदा येणार, भाडं नाममात्र. ऐकायला छान. पण एक पावसाळा बंद राहिलेल्या घरात उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात, म्हणून मेन स्विच लावण्याआधी वायरमन आणा. आणि गणपतीत मालकाची दहा माणसं येणार, शिमग्यालाही. तेव्हा कोणत्या खोल्या त्यांच्या, किती दिवस, वीजबिल कुणाचं, हे करारात लिहा. नाहीतर भाडेकरू पडवीत.

ओल घालवायचं यंत्र घेणार असाल तर २५० वॅटचं यंत्र रोज ८ तास म्हणजे २ युनिट, महिन्याला ६०. महावितरणचे १०० युनिट ओलांडले की पुढच्यांचा दर चढतो. त्यापेक्षा कपाट भिंतीपासून तीन इंच सोडा.

निवृत्त_नाना

वरचा मजला घ्यावा की खालचा? पुरासाठी वरचा म्हणतात, गुडघ्यांसाठी खालचा.

चिरेबंदी

नाना, उंच जोत्याचं बैठं घर, उंचवट्यावर पण डोंगरउतारापासून दूर. आणि दारापर्यंत पाखाडी (दगडी पायवाट) किती पायऱ्यांची ते मोजा. शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरण्याचा धोका जिन्यापेक्षा जास्त. ब्लीचिंग टाकून ताठ ब्रशने घासायचं, पंधरा दिवसांनी परत. एका बाजूला पाइपचा कठडा मालकाकडून मागून घ्या.

निवृत्त_नाना

ब्लीचिंग विहिरीत पण टाकतात ना? किती?

लाल_डबा

१००० लिटरला २.५ ग्रॅम, ताजी पावडर असेल तर. विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर साधारण २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत कालवा, गाळ बसू द्या, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळा आणि तासभर तरी वापरू नका. गाळ विहिरीत ओतू नका, पाणी जड होतं. संध्याकाळी टाकलं तर सकाळपर्यंत वाट बघणं सोपं जातं.

पागोळी

नाना, विहीर आहे म्हणजे घर ठरलं वाटतं? कुठे?