मदत हवी आहे: गणित आवडणारी मुलगी आमच्या हॉस्पिटलपायी गणित सोडते आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही नवरा-बायको दोघंही डॉक्टर. तालुक्याच्या गावी छोटं हॉस्पिटल चालवतो. लेक यंदा दहावी झाली, अकरावी सायन्सला प्रवेशही मिळाला. आता कॉलेजात विषय द्यायचेत आणि ती गणित सोडून पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी) घेते म्हणते.

गणितात तिचा जीव रमतो. भूमितीतलं एखादं अडलं की सुटेपर्यंत जेवायला उठत नाही. बायॉलॉजी मात्र परीक्षेपुरती. कारण विचारलं तर म्हणाली, "मग हॉस्पिटल कोण बघणार?" डॉक्टर हो, असं आम्ही तिला कधीच म्हटलेलं नाही. पण घरात सतत पेशंट, रिपोर्ट, ऑपरेशन याच गप्पा. जुने पेशंट तिला लहानपणापासून 'छोट्या डॉक्टरीणबाई' म्हणतात. गणितावर पोट असलेलं माणूस तिने जवळून पाहिलेलंच नाही, मग तो रस्ता तिला दिसावा कसा?

गणित सोडलं की इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएतून नौदल-हवाई दल, आणि मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते म्हणजे इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट (आयएसआय), चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट (सीएमआय) यांसारख्या गणिताच्या संस्था, हे सगळं जवळपास बंद. उलट बायॉलॉजी बारावीनंतर जादा विषय म्हणून करूनही 'नीट' ही मेडिकलची प्रवेश परीक्षा देता येते, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) २०२३ मध्ये तशी मुभा दिली आहे. तरी निदान पीसीएमबी, म्हणजे गणित धरून चारही विषय, तरी घे, असं माझं म्हणणं. तिच्या बाबांना ते पटत नाही. नीटच्या १८० प्रश्नांत गणिताचा एकही नसतो, उगाच ओझं कशाला, असं ते म्हणतात. त्यांचंही खोटं नाही.

२०१२ चा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधला एक अभ्यास वाचला. गणित-विज्ञान पुढे कुठे उपयोगी पडतं याची माहितीपत्रकं आणि वेबसाइट पालकांना दिली, तर त्यांच्या मुलांनी शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत हे विषय सरासरी जवळपास एक सेमिस्टर जास्त घेतले. वाचून धीर आला. पण गणिताबद्दल तिच्याशी काय बोलायचं, हेच आम्हा दोघांना सुचत नाही.

पीसीएमबी आणि नीटचा क्लास एकदम कुणाच्या मुलांनी निभावलाय का? दिवस कसा जायचा? डॉक्टरांच्या घरातून कुणी वेगळ्या वाटेला गेलं असेल, तर घरी ते कसं बोललात, तेही सांगा.

संख्याशास्त्र, विमा गणित, संशोधन यांत काम करणारं कुणी तिच्याशी तासभर बोलेल का? पुण्यात असाल तर रविवारी तिला घेऊन येईन. विषय पुढच्या आठवड्यात द्यायचेत.