मदत हवी आहे : ‘मास इफेक्ट ३’चा शेवट धाकट्या भावाला कसा पचेल?

नमस्कार मंडळी. २००७ साली सुरू झालेल्या ‘मास इफेक्ट’ या अंतराळयुद्धाच्या व्हिडिओ गेम मालिकेत आपल्या प्रत्येक निर्णयाचा हिशेब शेवटी लागेल, या भरवशावर कोथरूडच्या घरी रात्री जागवून मी तिसरा भाग संपवला आणि हाती आले ते शेवट निवडण्याचे तीन रंगांचे पर्याय. जून २०१२ मध्ये मोफत मिळालेल्या विस्तारित शेवटामुळे सोबत्यांचे पुढे काय झाले ते कळते खरे, परंतु अखेरची निवड उपरीच वाटते. (रॅक्नाय या परग्रही कीटकजातीच्या राणीला वाचवल्याचे फळ म्हणजे युद्धसज्जतेच्या आकड्यात थोडी भर!) आता दिवाळीच्या सुट्टीत धाकटा भाऊ हीच मालिका सुरू करणार आहे. त्याने ‘लेव्हायथन’ हा तिसऱ्या भागाचा पुरवणी भाग (डीएलसी) आधी खेळल्यास शेवट कमी अनपेक्षित वाटेल का, आणि ‘सिटाडेल’ हा दुसरा पुरवणी भाग अंतिम मोहिमेच्या अगदी तोंडावर खेळावा का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.