मदत हवी आहे: येझदी रोडकिंगचा डावा सायलेन्सर जुळत नाही

रोडकिंग मोटारसायकलचं बोअर-पिस्टन करून (सिलिंडर घासून नवा पिस्टन टाकून) इंजिन परत चढवलं. दोन्ही बेंड पाइप (सिलिंडरपासून सायलेन्सरपर्यंतचे वाकवलेले पाइप) आणि सायलेन्सर नवे, पण बाजारातले रिप्रॉडक्शन, म्हणजे मूळ पार्टची नक्कल. उजवी बाजू छान बसली. डावीकडे सिलिंडरवरचा फिनवाला नट पूर्ण आवळला की सायलेन्सरचं ब्रॅकेट फ्रेमच्या होलपासून सेंटिमीटरभर बाहेर राहतं. आधी ब्रॅकेट आवळलं तर पाइपची कॉलर पोर्टात (सिलिंडरच्या धूर बाहेर पडायच्या तोंडात) तिरकी बसते आणि नट आडवा चढायला बघतो. तिथे जोर लावणार नाही, सिलिंडरचे आटे गेले तर सगळंच अवघड.

सगळे बोल्ट ढिले ठेवून पोर्टापासून मागे आवळत आलो, गॅस्केट बदललं, इंजिन माउंट सोडून पुन्हा बसवलं. जुना, गंजून चाळण झालेला पाइप मात्र बरोबर जुळतो. म्हणजे फ्रेम सरळ आहे. वॉशर टाकून ब्रॅकेट ओढून घेता येईल, पण ताणावर बसवलेला पाइप व्हायब्रेशनने वेल्डपाशी तडकतो, म्हणून ते नको.

क्रोम न जाळता बेंड सुधारता येतो का, की ब्रॅकेट कापून नव्या जागी वेल्ड करणं बरं? जुन्या पाइपचं माप धरून हे काम नीट करणारं पुण्यात कोणी आहे का? गाडी टेम्पोने आणावी लागेल, त्यामुळे सिंहगड रोड, कोथरूडच्या आसपास कोणी सुचवाल का?