तरुणपणी मन मारून साठवलं, चुकलं का?

वहीवाला (धागाकर्ता): वय ३१. पहिल्या पगारापासून सात वर्षं निम्मा पगार बाजूला टाकतोय. कर्ज नाही, नोकरी गेली तरी दोन-तीन वर्षं सहज निघतील. परवा हिशेबाची जुनी वही चाळताना एक नोंद सापडली: ‘डोंगरातली सहल. नाही म्हटलं. वाचले.’ ‘वाचले’खाली दोन रेघा मारलेल्या! त्या पैशांचं पुढे काय केलं ते आठवतही नाही. गेलेले चौघे मात्र तिथल्या पावसात भिजलेल्या रात्रीवरून अजून हसतात, मी नुसता ऐकतो.

चिकटराव: काही चुकलेलं नाही. ७२ ला व्याजदराने भागा, तेवढ्या वर्षांत पैसे दुप्पट. ८ टक्क्यांनी ९ वर्षं. पंचविशीत ठेवलेले १०० एकसष्टाव्या वर्षी १६०० होतात. चौतिशीत ठेवले तर ८००च. शेवटची दुप्पट सगळ्यात मोठी, आणि उशीर करणाऱ्याची नेमकी तीच हुकते.

आजचं आज: तोच भागाकार महागाईला लावा की! ६ टक्के धरली तर १२ वर्षांत भाव दुप्पट, ३६ वर्षांत आठपट. म्हणजे तुमच्या १६०० मध्ये आजच्या २०० एवढंच येणार. छत्तीस वर्षं मन मारून दुप्पट! आणि डोंगर चढायचे गुडघे कुठल्या ठेवीत ठेवलेत?

चिकटराव: दुप्पट तरी झाले. गादीखाली ठेवले असते तर आठवा हिस्सा उरला असता, आणि उडवले असते तर तोही नाही. माझी नोकरी गेली तेव्हा पाच महिने घरी होतो. समोर आलेल्या पहिल्याच फालतू नोकरीला नाही म्हणू शकलो, ते शिल्लक होती म्हणून. ती मजा सहलीत नाही.

पुस्तकी किडा: फ्रँको मोदिग्लियानींना १९८५ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामागे याच विषयावरचं काम होतं. माणूस राहणीमान आयुष्यभर साधारण सारखं ठेवू बघतो, असं त्यांचं म्हणणं. तरुणपणी कमाई कमी, म्हणून बचतही कमी. भर कमाईच्या वर्षांत जास्त. त्या हिशेबाने पहिल्या पगारापासून निम्मे बाजूला टाकणं जरा अतीच.

आजचं आज: घ्या! नोबेलवाले आमच्या बाजूने.

चिकटराव: कमाई वाढली की बचत वाढते? माझा पगार वाढला तेव्हा आधी फोन बदलला, मग घर. बचत होती तिथेच.

वहीवाला: १६०० चे २०० होतात हे मी कधी मांडलंच नव्हतं. पाच महिन्यांची गोष्टही पटली, त्यामुळे शिल्लक मोडत नाही. बचत ५० वरून ४० टक्क्यांवर आणतोय. त्या चौघांना काल विचारलं. दोघांना सुट्टी नाही, एकाचं बाळ लहान. चौथा तयार आहे. चिकटराव, रागावू नका.

चिकटराव: रागावत नाही. पण ते दहा टक्के कुठे जातात तेही वहीत लिहा.